पडद्यावर हरवलेले नुक्ते

शाबानचा महिना म्हणजे आमच्याकडे निकाहांची घाई. रमजान लागण्याआधी लग्ने उरकायची असतात. तुमसरच्या भात बाजारात धान विकून झालेले असते, चुकारे हाती आलेले असतात आणि पत्रिका छापणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आमची थोरली लेक घरी बसून पत्रिकांची मांडणी करून देते. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. छपाई बाहेर होते, पण मजकूर जुळवणे, नावे तपासणे आणि नमुना मंजूर करून घेणे ही सगळी जबाबदारी तिची. या कामातून ती आपल्या शिक्षणाचा खर्च भागवते आणि धाकट्याच्या शिकवणीची फीही भरते.

दोन वर्षांपूर्वीच्या शाबानमध्ये तिच्या हातून एक चूक झाली. दोनशे पत्रिका छापून आल्या आणि वधूच्या नावात तीन नुक्त्यांचा ‘पे’ होता तिथे एका नुक्त्याचा ‘बे’ आला होता. मराठीच्या बाजूला नाव बरोबर होते, उर्दूत मात्र वेगळेच झाले होते. मुलीचे वडील पत्रिका घेऊन घरी आले. आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, “बेटा, आमच्या घरातले हे पहिलेच लग्न आहे.” त्यांचे ते शांत बोलणे आम्हाला जास्त लागले.

पत्रिका आमच्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. त्याचे दुःख नव्हते. पण ते गेल्यावर आम्ही दोघांनी लेकीला जे सुनावले, त्याचे दुःख आजही आहे. लक्ष नसते, मोबाइल बघत काम करतेस, लोकांचे काम ही अमानत असते हे कळत नाही का, असे बरेच काही बोललो. ती एवढेच म्हणाली, “अब्बा, मी तीन वेळा तपासलं होतं. पडद्यावर मला ते बरोबरच दिसत होतं.” आम्ही ते ऐकून घेतले नाही.

मग शंका आली, डोळे तर खराब झाले नसतील? दोन-तीन महिन्यांपासून ती डोके दुखते म्हणत होतीच. भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी सांगितले, नजर उत्तम आहे, नंबर नाही. आता उरला तो मॉनिटर. जुना झाला असेल, नवा घ्यावा लागेल, असे ठरवून पैशांची जुळवाजुळव सुरू केली.

दोन भाकरी, तीन ताटे

नवा मॉनिटर घेण्याच्या आदल्या आठवड्यात नागपूरला संगणकाचे काम करणारा आमचा भाचा ईद मिलनासाठी आला. त्याने पडद्यासमोर बसून माउसची दोन-तीन बटणे दाबली आणि विचारले, “मामू, हा मॉनिटर १९२० बाय १०८० चा आहे. तो १२८० बाय ७२० वर कुणी लावला?”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. कारण तो आम्हीच लावला होता. दिवाळीच्या सुमारास ऑनलाइन सातबारा पाहताना अक्षरे बारीक दिसत होती. सेटिंगमध्ये जाऊन आकडा कमी केला, अक्षरे मोठी झाली, खूश झालो आणि विसरून गेलो. लेकीला सांगितलेही नाही.

आता हा आकडा म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. आजचे सपाट मॉनिटर म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी असते. एकेका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आमच्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल आहेत. ते कारखान्यातच काचेत बसवलेले असतात, आपल्याला कमी-जास्त करता येत नाहीत. संगणक किती ठिपक्यांचे चित्र पाठवतो, ते मात्र आपण बदलू शकतो. त्यालाच रिझोल्यूशन म्हणतात. आम्ही १२८० बाय ७२० निवडले तेव्हा संगणक फक्त ९ लाख २१ हजार ६०० ठिपक्यांचे चित्र पाठवू लागला. निम्म्याहून अधिक तपशील तिथेच गेला.

मग उरलेली जागा मॉनिटर कशी भरतो? १२८० ठिपक्यांचे चित्र त्याला १९२० ठिपक्यांवर पसरायचे असते, म्हणजे चित्राचे दोन ठिपके पडद्याच्या तीन ठिपक्यांत वाटायचे. घरात भाकरी दोन आणि ताटे तीन असली तर काय होते? पहिल्या ताटात पहिल्या भाकरीचा तुकडा, तिसऱ्यात दुसरीचा आणि मधल्या ताटात दोन्हींचे थोडे थोडे. पडद्यावरही तेच होते. काळा आणि पांढरा शेजारी असतील तर मधला ठिपका राखाडी होतो. अक्षराची कड पसरते.

मोठ्या अक्षरात हे फारसे जाणवत नाही. पण उर्दूत ‘बे’ आणि ‘पे’ यांचे शरीर एकच, फरक फक्त खालच्या नुक्त्यांचा. ‘ऐन’वर एक ठिपका चढला की ‘गैन’ होतो आणि ‘दुआ’चा ‘दगा’ होतो. बारीक टाइपात तीन नुक्ते एकमेकांत मिसळले की एकच डाग दिसतो. तो एक नुक्ता आहे की तीन, हे डोळा सांगू शकत नाही. मग जे असायला हवे तेच मन वाचते. मराठीतही ‘रंग’ आणि ‘रग’ यांत एका टिंबाचेच अंतर आहे. डोकेदुखीचा खुलासाही झाला. धूसर अक्षरे स्पष्ट पाहण्यासाठी लेक दिवसभर डोळे ताणत होती.

आम्ही निवडलेल्या आकड्यात आणखी एक फसवणूक होती. १९२० बाय १०८० आणि १२८० बाय ७२० या दोन्हींची रुंदी-उंची १६ ला ९ या एकाच प्रमाणात आहे. त्यामुळे चित्र ताणलेले दिसत नव्हते. आम्ही १०२४ बाय ७६८ निवडले असते, तर गोल शिक्के अंड्यासारखे दिसले असते आणि चूक लगेच पकडली गेली असती.

अक्षर मोठे करायचे, पण असे नाही

भाच्याने डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर माउसचे उजवे बटण दाबले, ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडले आणि ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’च्या यादीत ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिले होते तो निवडला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा उजळला तेव्हा काच पुसल्यासारखे वाटले. लेकीने ती जुनी पत्रिका उघडली. ‘बे’खालचा एकटा नुक्ता आता स्पष्ट दिसत होता.

“पण आम्हाला अक्षरे बारीक दिसतात, त्याचे काय?” आम्ही विचारले. त्यासाठी त्याच पानावर ‘स्केल’ नावाची वेगळी सोय आहे. तिथे १०० ऐवजी १२५ किंवा १५० टक्के निवडले की अक्षरे आणि चिन्हे मोठी होतात, पण पडद्याचे सगळे ठिपके वापरले जातात. म्हणून अक्षर मोठेही होते आणि स्वच्छही राहते. रिझोल्यूशन कमी करणे म्हणजे छोटा फोटो ताणून मोठा करणे. स्केल वाढवणे म्हणजे तेच अक्षर मोठ्या लेखणीने नव्याने लिहिणे. ज्या घरात दादा-दादी आणि नातवंडे एकच संगणक वापरतात, तिथे हा फरक सर्वांना ठाऊक हवा. नुसते वेबपान मोठे करायचे असेल तर कंट्रोलचे बटण दाबून अधिकचे चिन्ह दाबले तरी पुरते.

आपल्या मॉनिटरचा मूळ आकडा माहीत नसेल तर मागच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक शोधून पाहावा. साधारणपणे साडेअठरा इंची रुंद मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा, जुना चौकोनी एकोणीस इंची १२८० बाय १०२४ चा आणि बावीस-चोवीस इंची १९२० बाय १०८० चा असतो.

यादीत योग्य आकडाच नसेल तर

त्याच पावसाळ्यात घराला रंग दिला आणि संगणक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवला. पुन्हा चित्र फुगलेले! यादी उघडली तर १९२० बाय १०८० हा पर्यायच गायब. या वेळी मात्र आम्ही कुणाला रागावलो नाही, तपासायला बसलो.

अशा वेळी पाहण्याच्या गोष्टी तीन.

पहिली म्हणजे केबल. मॉनिटर स्वतःची ओळख संगणकाला सांगतो: मी इतक्या ठिपक्यांचा आहे, मला अमुक वेग चालतो. हा निरोप केबलमधल्या वेगळ्या तारांवरून जातो. जुन्या निळ्या डोक्याच्या व्हीजीए केबलला १५ पिना असतात. त्यांतली १२ वी आणि १५ वी पिन या निरोपासाठी असते. त्यातली एखादी वाकली किंवा तुटली तर चित्र येते, पण ओळख पोचत नाही. मग संगणक जपून वागतो आणि यादीत लहान आकडेच दाखवतो. आमच्या केबलची एक पिन जोडताना वाकली होती. संगणक बंद करून केबल काढावी, उजेडात पिना पाहाव्यात, सरळ बसवून दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळावेत. दुसऱ्याची केबल तासभर उसनी आणून लावून पाहिली तर खात्री पटते. एक इशारा: काही व्हीजीए केबलींत ९ वी पिन मुळातच नसते, तेवढ्यावरून केबल तुटली असे समजू नये. शिवाय संगणक आणि मॉनिटर दोन्हींना एचडीएमआयची जागा असेल तर तीच केबल वापरावी, चित्र अधिक स्थिर येते. व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकलेले किंवा किंचित थरथरते वाटले तर मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण एकदा दाबावे.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. विंडोज नव्याने टाकल्यावर पडदा बिघडला तर बहुधा हेच कारण असते. स्टार्टच्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली काय लिहिले आहे ते पाहा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे असेल, तर तुमच्या ग्राफिक्स चिपचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो विंडोज अपडेटमधून किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. ‘मोफत ड्रायव्हर’ म्हणून मध्येच उगवणाऱ्या जाहिरातींवर बोट ठेवू नये. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अनेक घरांत विंडोज बदलण्याची घाई चालू आहे. बदलण्याआधी आपल्या जुन्या चिपसाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हर मिळतो का, हे विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट केबल लावायच्या जागेची. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असते, त्याला मागे दोन ठिकाणी मॉनिटर लावता येतो. केबल कार्डावर लावायची असते, वर मदरबोर्डवर नव्हे. साफसफाईनंतर ही अदलाबदल हमखास होते.

पडदा काळा आणि ‘आउट ऑफ रेंज’

दुसरा आकडा असतो रिफ्रेश रेटचा. पडद्यावरचे चित्र एका सेकंदात किती वेळा नव्याने काढले जाते ते तो सांगतो. घरगुती मॉनिटर बहुधा ६० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ६० वेळा. सेटिंगमध्ये ५९ किंवा ५९.९४ दिसले तरी घाबरू नये, ते ६० च समजावे.

काही मुले खेळासाठी १२० किंवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणतात आणि तो ६० वरच चालत राहतो. ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून वेग स्वतः निवडावा लागतो. तरी पर्याय दिसत नसेल तर केबल जुनी असते. १९२० बाय १०८० चे चित्र ६० हर्ट्झने पाठवायला जेवढी क्षमता लागते, त्याच्या दुप्पट १२० हर्ट्झला लागते. अरुंद गल्लीतून ट्रक जात नाही, तसेच हे. टीव्हीचेही तेच. एचडीएमआय १.४ वरून ३८४० बाय २१६० चे चित्र ३० हर्ट्झनेच जाते, म्हणून माउस अडखळत चालल्यासारखा वाटतो. ६० साठी एचडीएमआय २.० लागते, तेही संगणक, केबल आणि टीव्ही या तिन्हींत.

पण मॉनिटरला झेपत नाही तो वेग किंवा आकडा पाठवला तर पडदा काळा होतो आणि ‘आउट ऑफ रेंज’ किंवा तशाच अर्थाची सूचना फिरू लागते. मॉनिटर जळालेला नसतो, त्याला आलेले चित्र समजत नाही एवढेच. अशा वेळी काहीही दाबू नये, पंधरा सेकंद थांबावे. ‘हे बदल ठेवायचे का’ या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर विंडोज आपोआप जुन्या सेटिंगवर परत येते. घाईने एंटर दाबणारा मात्र अडकतो.

अडकलाच, तर सोपा उपाय म्हणजे दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडून सेटिंग पूर्ववत करणे. दुसरा उपाय विंडोज १० आणि ११ साठी. लॉग-इनचा पडदा दिसत असेल तर शिफ्ट दाबून धरून ‘रिस्टार्ट’ करावे. मग ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि ‘रिस्टार्ट’ या क्रमाने जाऊन यादी आली की ३ चे बटण दाबावे. संगणक कमी रिझोल्यूशनवर सुरू होतो, मग योग्य आकडा निवडता येतो. पडदा अचानक काळा झाला, पण संगणक चालू असल्याचे जाणवते, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडे काम बंद पडत नाही.

पडदा लुकलुकतो तेव्हा

काचेच्या मोठ्या पेटीचे जुने मॉनिटर ६० हर्ट्झवर डोळ्यांना लुकलुकताना जाणवत, म्हणून ते ७५ किंवा ८५ वर ठेवत. आजच्या सपाट मॉनिटरमागचा दिवा वेगळा असतो, त्याचे लुकलुकणे सहसा या आकड्यामुळे नसते. दोष कुठे आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडावा. मागचे चित्र थरथरते पण मेनू स्थिर आहे, तर दोष केबलमध्ये किंवा संगणकात. मेनूही थरथरत असेल तर मॉनिटर, त्याचा अडॅप्टर किंवा घरचा वीजपुरवठा तपासावा.

आणखी एक गंमत आमच्या बाजींच्या घरी दिसली. त्या मुलांना ऑनलाइन नाजरा शिकवतात. कॅमेऱ्यात त्यांच्या चेहऱ्यावरून काळे पट्टे सरकायचे. मॉनिटर बदलायचे ठरले होते. खरे कारण खोलीतली जुन्या चोकची ट्यूबलाइट होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते आणि कॅमेरा ६० हर्ट्झवर लावलेला असला की पट्टे उमटतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ केल्यावर पट्टे गेले. त्याच घरात टीव्हीला संगणक जोडल्यावर पानाच्या कडा कापल्या जायच्या, त्यामुळे ओळीचा शेवटचा शब्द मुलांना दिसत नसे. तो टीव्हीचा दोष नव्हता. टीव्हीच्या ‘पिक्चर साइझ’मध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडले की पूर्ण पान दिसते. हे नाव कंपनीप्रमाणे थोडे बदलते.

नवी वस्तू घेण्याआधी

आपल्या घरांत पैसा सहज येत नाही. उधळपट्टी, इस्राफ, हा दीनने नापसंत केलेला दोष आहे. तो मेजवानीतच होतो असे नाही. न तपासता चांगली वस्तू फेकून नवी आणणे हाही इस्राफच. म्हणून आधी आकडा पाहा, मग केबल, मग ड्रायव्हर. मग तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. तिथेही चित्र वाईट आले तरच नव्याचा विचार करा.

आणि डोळ्यांची काळजी सेटिंगवर सोडू नका. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फूट लांबच्या वस्तूकडे पाहावे, असे सांगितले जाते. पडद्यासमोर आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे होतात. जुहर, असर आणि मगरीबला उठून वुजू केले की डोळ्यांना पाणी लागते आणि खुर्चीही सुटते.

लेक आता छपाईला देण्याआधी एक कागदी नमुना काढते आणि उर्दूची नावे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावते. तिच्या मते पडदा कितीही चांगला असला तरी नावाची शहानिशा कागदावरच करायची.

शहानिशा हा शब्द तिने वापरला तेव्हा आम्ही खाली पाहिले. खबर कानावर आली की आधी तिची खात्री करून घ्या, नाहीतर नकळत कुणाला दुखावून बसाल, ही कुरआनची शिकवण आम्ही मुलांना लहानपणापासून सांगत आलो. वेळ आली तेव्हा ती आम्हीच विसरलो. भाच्याने सेटिंग बदलली त्या रात्री, इशानंतर, आम्ही दोघांनी लेकीला जवळ बसवून माफी मागितली. मुलांची माफी मागितल्याने आईबापांची इज्जत कमी होत नाही, हे त्या दिवशी कळले. ती म्हणाली, “अम्मी, जाऊ दे. पण आता तुम्ही दोघं डॉक्टरांकडे चला.”

पुढच्या आठवड्यात ती आम्हाला भंडाऱ्याच्या त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. आम्हा दोघांनाही जवळचा चष्मा लागला. मॉनिटरच्या मागे आता लेकीच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ, स्केल १२५ टक्के. आणि खाली: ‘बदलायचं असेल तर आधी मला विचारा.’